घरी कसं सांगायचं? (गीता १७.१५)



आजचा श्लोक वाणीच्या तपाचा. बोलणं कसं असावं? उद्वेग न देणारं, खरं, प्रिय आणि हिताचं, जोडीला स्वाध्याय. वाचताना सोपं वाटतं. पण हातात बायॉप्सीचा रिपोर्ट आहे आणि आई फोनवर "जेवलीस का गं?" विचारतेय, तेव्हा? खरं बोलावं तर उद्वेग होणारच. मग "त्यांना कशाला त्रास" म्हणून आपण गप्प बसतो आणि त्यालाच प्रेम म्हणतो.

माझं लक्ष श्लोकातल्या 'वाक्य' या शब्दावर अडलं. उद्वेग न देणारं 'वाक्य' म्हटलंय. म्हणजे बोलायचं तर आहेच. कसं, एवढंच ठरवायचं.

सोनाली बेंद्रे आठवते? जुलै २०१८ मध्ये तिने स्वतःच जाहीर केलं की कॅन्सर आहे आणि तो पसरलाय. मुलगा तेव्हा तेरा वर्षांचाही नव्हता. त्याला कसं सांगायचं, ही तिची मोठी काळजी होती. त्याला जपायचं होतं, तरी सगळं खरं सांगायचं असं आईबाबांनी ठरवलं. नंतर तिनेच लिहिलं, की त्याने ते फार समजूतदारपणे घेतलं. उलट कधीकधी तोच पालक होऊन तिला कामांची आठवण करून द्यायचा. लपवलं असतं तर त्या पोराला हे करताच आलं नसतं.

माझा रिपोर्ट हॉजकिन लिम्फोमाचा. फोनवर नको म्हणून मी पुण्याहून लासलगावला गेले. दादा चाळीत कांदे निवडत होते. तिथेच बसून सांगितलं. "गाठ आहे" एवढ्यावर थांबले नाही, 'कॅन्सर' हा शब्द उच्चारला. लगेच पुढचंही सांगितलं: बरा होण्याची शक्यता चांगली आहे, दर पंधरा दिवसांनी केमो, मग रेडिएशन. रेडिएशन म्हटल्यावर दादा घाबरले. तेव्हा मला आपलं 'कृषक' आठवलं. २००२ पासून लासलगावात कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्यावर प्रक्रिया होते, कोंब फुटू नये म्हणून. म्हटलं, "दादा, मशीन वेगळं, पण तत्त्व तेच. भराभर वाढणाऱ्या पेशींची वाढ थांबवायची."

ते बराच वेळ हातातला कांदा फिरवत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे कोंब मोडायचा."

डॉक्टरांनी मला अर्धा तास समजावलं होतं, दादांनी तीन शब्दांत आटोपलं!

आईचं वेगळंच. ती रडली नाही. "कोणाकोणाला सांगायचं? स्थळं बघतोय आपण," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, ज्यांच्याशी बोलणं चालू आहे त्यांना तरी खरं सांगू. तिला अजून पटलेलं नाही. मी वाद घातला नाही. हिताचं बोलणं एका दिवसात प्रिय व्हावं, हा हट्ट श्लोकात कुठेच नाही. पण परवा तिने मावशीला फोन केला, आणि स्वतःच्या तोंडाने 'कॅन्सर' म्हणाली.

पहिल्या केमोला दोघंही येणार आहेत. कांदा तेवढ्यापुरता चाळीतच राहील.

उद्या सोळावा श्लोक, मनाचं तप. त्यात मौनही आहे, आणि ते वाणीच्या नाही, मनाच्या तपात का ठेवलंय, ते बघू.