शस्त्र : हक्क की अमानत?

शस्त्र बाळगणे हा माणसाचा हक्क आहे, की समाजाने विश्वासाने त्याच्या हाती सोपविलेली अमानत? बीड जिल्ह्यात हा प्रश्न आता केवळ तात्त्विक राहिलेला नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून निर्घृण हत्या करण्यात आली. ती बंदुकीने झाली नव्हती. परंतु तिच्यानंतर जिल्ह्यातील १,२०० हून अधिक शस्त्रपरवान्यांकडे आणि हवेत गोळीबार करणाऱ्यांच्या चित्रफितींकडे साऱ्या राज्याचे लक्ष गेले. प्रशासनाने फेरतपासणी करून १०० हून अधिक परवाने रद्द केले.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याविना बंदूक बाळगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला जास्तीत जास्त २ शस्त्रांची मर्यादा घातली, आणि आनंदोत्सवात बेपर्वाईने गोळीबार करणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. परवाना नाकारला वा रद्द झाला तर अपील करता येते, पुढे उच्च न्यायालयातही दाद मागता येते. मात्र अमेरिकेप्रमाणे शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क आपल्या संविधानात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये नमूद केले. अमेरिकेत २०२२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क राज्याचा जुना निर्बंध रद्द केला; पण त्याच न्यायालयाने २०२४ साली, घरातील हिंसेमुळे न्यायालयीन मनाई असलेल्यांना बंदूक नाकारणारा कायदा वैध ठरविला. म्हणजे जेथे शस्त्र हा हक्क मानला जातो, तेथेही त्याला मर्यादा शोधावी लागते.

शरीअतने या प्रश्नाकडे जिवाच्या रक्षणाच्या बाजूने पाहिले आहे. एका निरपराध जिवाची हत्या ही साऱ्या मानवजातीची हत्या होय, हा सूरह अल-माइदाच्या ३२ व्या आयतीचा आशय सर्वांना परिचित आहे. मशिदीतून वा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके हातात धरावीत, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. नंगी तलवार दुसऱ्याच्या हाती देण्यास आणि थट्टेतही बांधवावर शस्त्र रोखण्यास त्यांनी मनाई केली. येथे विचार करावा. बाण त्या माणसाच्या मालकीचे आहेत, त्याचा हेतूही वाईट नाही. तरीही टोक झाकण्याची जबाबदारी त्याच्यावरच आहे. गर्दीने आपला बचाव करावा, असे सांगितलेले नाही. मालकी त्याची असली, तरी धोका इतरांचा आहे. म्हणून मर्यादा घालणे हा त्याच्यावर अन्याय ठरत नाही.

यावर रास्त आक्षेप आहे. आपल्या जिवाचे व मालमत्तेचे रक्षण करताना मृत्यू पावणाऱ्यास इस्लामने शहीदाचा दर्जा दिला आहे. देशाचा कायदाही आत्मसंरक्षणाचा अधिकार मानतो. ३० मार्च २०२५ रोजी, ईदच्या आदल्या दिवशी, गेवराई तालुक्यातील अर्धमसला येथील मशिदीत जिलेटिनचा स्फोट घडविण्यात आला. त्यानंतर कोणा तरुणाच्या मनात परवान्याचा विचार आला असेल, तर त्याची भीती खोटी म्हणता येणार नाही. परंतु आत्मसंरक्षण हा हक्क आहे आणि बंदूक हे त्याचे केवळ एक साधन. साध्याचा हक्क मिळाला म्हणून प्रत्येक साधनाचा हक्क मिळत नाही. शिवाय रात्रीच्या जिलेटिनपुढे कपाटातली बंदूक काय करणार? ती शत्रूपेक्षा घरातल्या रागाच्या आणि मुलांच्या हाताच्या अधिक जवळ असते. आणि एका घराने भीतीपोटी घेतलेली बंदूक पाहून शेजारचे घरही भीतीपोटी दुसरी घेते.

मात्र नागरिकाला शस्त्र खाली ठेवण्यास सांगणाऱ्या राज्याने त्याच्या रक्षणाची हमी घेतली पाहिजे, आणि बलवान व दुर्बल यांना एकाच मापाने मोजले पाहिजे. कारण न देता कोणाचा परवाना रद्द झाला, तर न्यायालयात जाणे हे अद्‌ल म्हणजे न्यायाची मागणी करणेच होय. कायद्याच्या मर्यादेत राहणे आणि त्या कायद्याकडून न्याय मागणे, ही दोन्ही कर्तव्ये आहेत.

ज्यांच्या घरी परवाना आहे, त्यांनी शस्त्र कुलपात ठेवावे, मिरवणुकीत वा लग्नात त्याचे प्रदर्शन करू नये. त्याचा हिशेब जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावा लागतो आणि कियामतच्या दिवशीही द्यावा लागेल. अल्लाह आपणा सर्वांना अमानतीची जाण देवो. आमीन.