घराची राखण

किल्लारीच्या भूकंपात, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, माणसं गाडली गेली ती मातीत रचलेल्या जड दगडी भिंतींखाली. आत देव्हारा आहे की भिंतीवर क्रूस, हे त्या दगडांनी पाहिलं नाही. लातूर-नांदेडकडच्या घरप्रार्थनेत ‘प्रभू, लेकराबाळांचं रक्षण कर’ असं मागणं येतं, तेव्हा नेमकं काय मागितलं जातं? मागणाऱ्याचं घर कधी पडणार नाही, अशी हमी बायबलही देत नाही. ईयोब मुलांसाठी पहाटे उठून अर्पणं करत असे. तरी थोरल्या भावाच्या घरी जेवायला जमलेल्या त्याच्या दहाही मुलांवर घरच कोसळलं.

मग श्रद्धा घर राखते ती कशी? मला दोन रीती दिसतात. ती रक्ताच्या नात्यापलीकडची माणसं घराला जोडून देते, आणि घरातल्या बलवानाला जाब विचारते. यातलं एक जरी सुटलं, तरी राखण संपते आणि पहारा सुरू होतो.

महाराष्ट्रात ख्रिस्ती श्रद्धेने आधी घरं मोडली, हे नाकारून चालणार नाही. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपतही त्याच वाटेवर होता. पण कोर्टाने त्या अल्पवयीन मुलाला वडिलांच्या हवाली केलं. मिशनऱ्यांकडे राहून आलेल्या पोराला जातीत परत कसं घ्यायचं, यावर मोठा वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्ताच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. मुलगा बापाला मिळाला, तरी घराला मिळायला जातीची परवानगी लागत होती. त्या काळी कुटुंबाची वेस जात ठरवत असे.

पुढे याच नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ, बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. तिथे आले ते मुख्यतः मातंग. गावगाड्यात ज्यांची भाकरी दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होती, त्यांना जमीन, शाळा आणि मंडळी एकाच ठिकाणी लाभली. मिशनवर विसंबण्याची सवय हा त्याचा तोटा; पण अडीनडीला दार ठोठावता येईल असं दुसरं घर असणं, हे त्या कुटुंबांसाठी मोठंच संरक्षण होतं.

रेव्हरंड टिळकांच्या घराची गोष्ट याहून अवघड. १८९५ मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे अहमदनगरला आल्यावरही त्यांनी सोवळं एकदम सोडलं नाही. नवऱ्याचा धर्म तोच बायकोचा, असं मानणाऱ्या काळात त्या आपल्या गतीने चालल्या. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतः उमजून. त्यानंतर ते घर पोरक्या, भुकेल्या मुलांचंही झालं. बाईला तिचा वेळ मिळाला, म्हणून मोडलेलं घर पुन्हा उभं राहिलं, असं मी मानतो.

घरातल्या बलवानाला जाब विचारण्याची ही रीत ख्रिस्ती समाजाने मात्र नेहमी पाळली नाही. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे; बायकोला व्यभिचाराच्या जोडीला छळ किंवा परित्यागासारखं आणखी काही दाखवावं लागे. नुसता मार खाणं सुटकेला पुरेसं नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये या विषमतेवर घाव घातला आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. तोवर सव्वाशेहून अधिक वर्षं ‘कुटुंब टिकवणं’ म्हणजे बाईने सोसणं. जे पाळक आजही मारहाण झालेल्या बाईला नुसती प्रार्थना करायला सांगून परत पाठवतात, ते घर राखत नाहीत, मारणाऱ्याला राखतात.

मराठवाड्यात आणखी एक पेच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. म्हणून एकाच घरात रविवारची उपासनाही असते आणि दाखल्यावर ‘हिंदू मांग’ही असतं. लेकराची सवलत जाईल, ही आईची भीती खोटी नाही. तिला ढोंगी म्हणणाऱ्याने आधी सांगावं, बाप्तिस्मा घेतल्यावर पाणवठ्यावरचा अपमान थांबतो का? तो थांबत नसेल, तर संरक्षण तेवढं का थांबावं? हा प्रश्न तपासायला केंद्राने २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला. पण ख्रिस्ती मंडळ्यांनीही स्वतःला विचारावं: आपल्यात सोयरीक जुळवताना जात खरंच गेली आहे का?

लातूर-नांदेडच्या घरांवरची संकटं भुताखेतांची नाहीत. नापिकी, कर्ज, दारू, कोवळ्या वयात ठरणारं लग्न, पुण्यात एकटं पडलेलं शिकणारं पोर, ही त्यांची नावं. घरभेटीला आलेल्या पाळकाने आणि महिला मंडळाने यांतलं एकेक नाव घेऊन विचारपूस करावी, गरज पडली तर पोलीस ठाण्यापर्यंत सोबत जावं, आणि शेजारचं घर आपल्या धर्माचं नसलं तरी तिथेही थांबावं. आमेन म्हटल्यावर जे काम उरतं, ते करायला मंडळी तयार असेल, तरच रक्षणाची प्रार्थना प्रामाणिक ठरते.