जुळवून घ्यावे, पण कशाशी?



शहरात दहा-पंधरा वर्षे काढून गावी परतलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच एक सल्ला मिळतो, ‘आता जुळवून घ्या.’ सल्ला देणारे बहुधा वडीलधारे असतात. त्यांचा हेतू चांगला असतो आणि ऐकणाराही मान डोलावतो. पण जुळवून घ्यायचे म्हणजे नेमके काय करायचे? कशाशी आणि कुठवर? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. आज आपण त्याचाच थोडा विचार करू या.

अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी डोळ्यांसमोर आणा. त्याला गाव म्हणायचे ते सवयीने. तेथे नगरपरिषद आहे. कर्नाटकची सीमा जवळच आहे. अनेकांच्या घरात कन्नड, सरकारी कागद मराठीत आणि बाजारात दोन्ही भाषा, असा तेथला व्यवहार. तालुका अवर्षणग्रस्त, शेती ज्वारी-तुरीची आणि पुष्कळशी पावसाच्या भरवशावरची. साहजिकच तरुण मंडळी सोलापूर, पुणे, मुंबईची वाट धरतात. अशा गावातला एखादा तरुण पुण्याच्या कारखान्यात बारा वर्षे नोकरी करून, वडिलांच्या आजारपणामुळे बायको-मुलीसह परत आला, असे समजा.

पहिले चार दिवस कौतुकात जातात. मग बारीकसारीक गोष्टी बोचू लागतात. नळाला रोज पाणी येईलच असे नाही. वीज कधी जाईल याचा नेम नाही. शेजारी दार न वाजवता आत येतात आणि पगार किती होता ते विचारतात. आजी नातीला ‘ऊटा आयता?’ म्हणून विचारते. पुण्यात जन्मलेली नात आईच्या तोंडाकडे बघत राहते. जेवलीस का, इतकाच तो प्रश्न असतो. पण आजी आणि नात यांच्यामध्ये दुभाषी लागतो. पारावर तो काही बोलला, तर कोणीतरी हसून म्हणते, ‘आता हे पुण्याचे झाले!’ गंमत अशी की पुण्यात याच माणसाच्या बोलण्यातला सोलापुरी हेल ऐकून लोक त्याला परका समजत होते.

असे का होते? आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, तेव्हा हा प्रश्न पुस्तकातला वाटत असे. आज तो घरोघरी भेटतो. १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने घराच्या ओढीने होणाऱ्या आजाराला ‘नोस्टॅल्जिया’ असे नाव दिले. परमुलखात चाकरी करणारे स्विस सैनिक या ओढीने झुरत. पुढे १७९८ साली इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने त्याविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले. अशी माणसे घरी परतली की निराश होतात आणि त्या निराशेनेच बरी होतात, असे तो म्हणतो. गाव बदलले असे त्यांना वाटते. खरे पाहता त्यांना आपले तारुण्य परत हवे असते आणि ते काही परत मिळत नाही. आपल्याकडे ‘दुरून डोंगर साजरे’ म्हणतात, त्यातला एक अर्थ हाच आहे.

आल्फ्रेड शुट्झ हे व्हिएन्नाचे विचारवंत नाझींच्या काळात देश सोडून अमेरिकेत गेले. युद्धावरून घरी परतणाऱ्या सैनिकांना समोर ठेवून त्यांनी १९४५ साली एक निबंध लिहिला. परका माणूस नव्या ठिकाणी सावधपणे वावरतो, कारण आपल्याला येथले काही कळत नाही हे त्याला ठाऊक असते. घरी परतणारा मात्र बेसावध असतो. त्याला सगळे ठाऊक आहे असे वाटते, म्हणूनच त्याला धक्का अधिक बसतो. दरम्यान तोही बदललेला असतो आणि घरही. शुट्झ यांचे पुढचे म्हणणे आपल्याकडे सहसा कोणी सांगत नाही: परतणाऱ्याची तयारी करून घेता, तशी घरच्यांचीही करून घ्या.

ही काही एकट्या-दुकट्याची गोष्ट नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि त्यांतल्या पुष्कळांना पुढे गावची वाट धरावी लागली. २०२० सालच्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा तर राज्यभर माणसे मिळेल त्या वाहनाने, प्रसंगी पायी, गावाकडे निघाली. ठिकठिकाणी गावांनी वेशीवर काट्याकुट्या टाकून रस्ते अडवले. आलेल्यांना शाळांच्या खोल्यांत वेगळे ठेवले. रोगाची भीती खरी होती, त्यात गावांना सरसकट दोष देता येणार नाही. परंतु ज्या शाळेत आपण बाराखडी गिरवली, त्याच शाळेत संशयित म्हणून झोपताना माणसाच्या मनात काय आले असेल? ‘हे माझे गाव’ असे म्हणण्याचा अधिकार जन्माने मिळतो की वेशीवरचे लोक देतात तेव्हा मिळतो?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जुळवून घेणे हा सद्गुण आहे का? पुष्कळदा आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी आईवडील आणि जन्मभूमी यांच्या ऋणाविषयी लिहिले आहे. हे ऋण पूर्णपणे कधीच फिटत नाही, असे ते मानतात. ज्या गावाने आपल्याला भाषा दिली, त्या गावात बसून ‘आमच्या पुण्यात असे नसते’ हे पालुपद रोज लावणे म्हणजे त्या ऋणाचा विसर पडणे होय. शिवाय शहराने शिकवलेले सगळेच शहाणपणाचे असते असेही नाही. दार न वाजवता आत येणारी तीच शेजारीण, मुलगा पुण्यात असताना, त्याच्या आईच्या उशाशी रात्रभर बसलेली असते. एकाच स्वभावाच्या या दोन बाजू आहेत. एक ठेवून दुसरी काढून टाकता येत नाही.

म्हणून परतलेल्याने आधी ऐकावे. मोहनदास गांधी दक्षिण आफ्रिकेतून ९ जानेवारी १९१५ रोजी मुंबईत उतरले. त्यांना गोपाळ कृष्ण गोखले यांनी बजावले होते की एक वर्ष देश पाहा, कान उघडे ठेवा, सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नका. गांधींनी ते मानले. वीस वर्षे बाहेर काढलेल्या माणसाला आपला देश आपल्याला कळतो असे वाटणे स्वाभाविक होते. गोखल्यांनी त्याला नम्रता शिकवली. गावी परतणाऱ्या प्रत्येकाने हा सल्ला मनावर घ्यावा असे आम्हांला वाटते.

पण त्याच वर्षी घडलेली दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. मे महिन्यात गांधींनी अहमदाबादेत कोचरब येथे आश्रम काढला आणि काही महिन्यांतच दुदाभाई नावाच्या ‘अस्पृश्य’ मानल्या गेलेल्या गृहस्थाचे कुटुंब तेथे राहायला आले. विहिरीवर मोट चालवणाऱ्याने विटाळ मानून त्रास दिला. देणगीदारांनी हात आखडला. आश्रमातल्या स्त्रियांनाही ते रुचले नव्हते. ‘नवे आहोत, जुळवून घेऊ’ असे तेव्हा गांधी म्हणाले नाहीत. पैसे संपले तर दलित वस्तीत जाऊन राहू, अशी त्यांनी तयारी ठेवली. अखेर एका शेटजींनी तेरा हजार रुपये आणून दिले आणि आश्रम तरला. राजकारणावर मौन पाळणारा माणूस या प्रश्नावर तसूभरही सरला नाही. का बरे? कारण तेथे जुळवून घेतले असते, तर त्याची किंमत गांधींना मोजावी लागली नसती; ती दुदाभाईच्या कुटुंबाला मोजावी लागली असती.

आमच्या मते या प्रश्नाची कसोटी येथे सापडते. तडजोड करताना स्वतःला विचारावे: याची किंमत कोण मोजतो? मी मोजत असेन, तर ती सहनशीलता आहे. माझ्याहून दुर्बळ असलेले दुसरे कोणी मोजत असेल, तर ती माझी सहनशीलता नव्हे. दुसऱ्याच्या जिवावर केलेला सौजन्याचा देखावा आहे.

ही कसोटी वाटते तितकी सोपी नाही. ‘पाण्याची अडचण आहे, पण मी जुळवून घेतले’ असे घरचा कर्ता पुरुष म्हणतो. ठीक आहे, पण घागर कोण भरते? पहाटे उठून नळाची वाट कोण पाहते? त्याची बायको! मग जुळवून घेतले कोणी? पुण्यात ती चार पैसे कमवत होती, एकटी बसने जात-येत होती. येथे आल्यावर ‘लोक काय म्हणतील’ म्हणून ती घरात बसली. त्याला आपले गाव परत मिळाले. तिच्यासाठी मात्र ते कधीच आपले गाव नव्हते. ‘जुळवून घे’ हा सल्ला आपल्या समाजात बाईला सर्वांत अधिक वेळा दिला जातो आणि तो ऐकून घेणारीला विचारत कोणीच नाही.

गाव सोडून शिकायला गेलेल्या आणि परत आलेल्या आणखी एका माणसाची आठवण येथे टाळता येत नाही. १९१७ साली भीमराव आंबेडकर अमेरिका आणि इंग्लंड येथील शिक्षणानंतर बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव त्यांच्या मनातून पार पुसली गेली होती, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. बडोद्यात उतरताच ती परत आली, कारण राहायला जागा कोणी देईना. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. त्यांचे दोन मित्र होते. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा मित्र ख्रिस्ती होता. तो म्हणाला, पत्नी उद्या यायची आहे, तिला विचारावे लागेल. आंबेडकर नकार समजले. बागेत बसून त्यांनी पाच तास काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

हा दुसरा मित्र आपण विसरू नये. त्याने काठी उगारली नाही, वाईट शब्द उच्चारला नाही. त्याने केवळ घराशी, समाजाशी जुळवून घेतले. त्याचा धर्म बदलला होता, पण दाराची कडी जुनीच राहिली होती. किंमत मोजली ती दारात उभ्या असलेल्या माणसाने.

तेव्हा मैंदर्गीला परतलेल्या आपल्या तरुणाने काय करावे? ज्वारीची कडक भाकरी, उन्हाळ्यातल्या दुपारी, लांबलचक गप्पा, कचेरीतला संथ कारभार यांच्याशी त्याने खुशाल जुळवून घ्यावे. मुलीला आजीची कन्नड शिकू द्यावी. त्यात तिचे मराठी कमी होणार नाही. ज्या भागावरून दोन राज्यांत वाद होतो, त्या भागातल्या घरात दोन्ही भाषा सुखाने नांदतात, हे त्या वादापेक्षा मोठे सत्य आहे. वर्षभर त्याने कमी बोलावे. पण कोणाच्या ओट्यावर कोणासाठी वेगळा कप ठेवलेला दिसला, तर त्याने त्या कपाशी जुळवून घेऊ नये. वर्षाची वाटही पाहू नये. भांडण करण्याची गरज नाही. आपला चहा त्याच कपातून मागून घेता येतो. बायकोला काम करायचे असेल, तर लोकांचे बोलणे त्याने आपल्या अंगावर घ्यावे. घागर उचलावी. पारावर लोक हसतील; ती किंमत त्याची आहे आणि ती त्यानेच मोजायला हवी.

आणि गावाने काय करावे? परतलेल्याला ‘पुण्याचे झाले’ म्हणून हसण्यात गावाचा तोटाच आहे. शहरात सगळे चांगले नसते. परंतु तेथे एकाच बाकावर बसून, जात न विचारता डबा खाण्याची सवय कित्येकांना लागते. ती सवय घेऊन कोणी परत आला, तर त्याने गावासाठी पैशापेक्षा मोलाचे काही आणले आहे. ते त्याच्याकडून काढून घेऊन मगच त्याला ‘आपला’ म्हणणार असाल, तर तो परत येऊनही न आल्यासारखाच.

घरी परतण्याची आपल्या सर्वांना ठाऊक असलेली कथा उधळ्या पुत्राची. बापाने धावत जाऊन त्याला मिठी मारली, मेजवानी दिली. पण थोरला भाऊ आत येईना आणि बाप त्याची समजूत घालत असतानाच कथा संपते. दुसऱ्या दिवशी सकाळी काय झाले, हे प्रभूने सांगितले नाही. दोघे भाऊ एकत्र शेतावर गेले का? गड्यांशी कोण कसे बोलला? उपाशीपोटी राहून आलेल्या धाकट्याने आपल्या गड्यांच्या ताटाकडे पूर्वीपेक्षा वेगळ्या नजरेने पाहिले का? मेजवानी एका रात्रीची असते. नाते जुळते ते त्यानंतरच्या साध्या दिवसांत. आपल्या घरांत तो दुसरा दिवस रोज उजाडतो. कोणी परतून आलेले असते, कोणी मागे राहिलेले असते. या आठवड्यात आपण एकमेकांना ‘जुळवून घे’ असे म्हणण्यापूर्वी, त्याची किंमत कोण मोजणार आहे, एवढे तरी विचारू या.