नांगरट आणि पाऊस

महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी दैवाविषयी बोलते, आणि एकाच संवादात दोन अगदी वेगळ्या गोष्टी बोलते. जागा द्वैतवन, वेळ संध्याकाळची. राज्य गेलं आहे, भर सभेत झालेली विटंबना अजून ताजी आहे आणि समोर युधिष्ठिर शांतपणे क्षमेचा महिमा सांगतो आहे. तिचा संताप आधी विधात्यावर निघतो. लाकडी बाहुल्या नाचवाव्यात तसा तो माणसांना नाचवतो, मग पाप कुणाचं आणि पुण्य कुणाचं, असं ती विचारते. युधिष्ठिर म्हणतो, हे नास्तिकाचं बोलणं झालं. मग ती थोडी सावरते. दुःखाच्या भरात बोलले, असं सांगते आणि पुन्हा बोलायला लागते. या वेळी ती लहानपणी ऐकलेली बृहस्पतीची नीती सांगते. वडिलांच्या घरी राहिलेला एक विद्वान ब्राह्मण तिच्या भावांना ती शिकवत असे आणि ही वडिलांच्या मांडीवर बसून ऐकत असे.

तिचं सांगणं असं. शेतकरी नांगराने जमीन फोडतो, बी पेरतो आणि मग स्वस्थ बसतो, कारण पुढचं काम पावसाचं असतं. पाऊस आलाच नाही तर त्या शेतकऱ्याला बोल लावता येत नाही. दुसऱ्या कुणीही जे केलं असतं ते सगळं आपण केलं, एवढं त्याला म्हणता येतं.

दैव श्रेष्ठ की प्रयत्न, हा आपल्याकडचा वक्तृत्वस्पर्धांचा विषय. त्यात एक पक्ष जिंकतो, दुसरा हरतो आणि कुणाच्याही आयुष्यात काही बदलत नाही. द्रौपदी जिंकण्याहरण्याची भाषाच बोलत नाही. ती वाटणी करते: एवढं माझं, एवढं पावसाचं. आणि माझ्या वाट्याचं झालं आहे का, हे आधी बघायला सांगते. नियती आणि जबाबदारी यांविषयी मला ठाऊक असलेलं हे सर्वांत प्रामाणिक बोलणं आहे. मात्र ही वाटणी करणारा माणूस प्रामाणिक हवा.

तो नसला की काय होतं, हे महाभारतच दाखवतं. द्यूताला विदुर विरोध करतो तेव्हा धृतराष्ट्र त्याला सांगतो की हे सारं जग विधात्याने नेमलेल्या दैवाच्या ताब्यात आहे, स्वतंत्र नाही. बोलणं तत्त्वज्ञाचं आहे. पण हजार खांबांचं आणि शंभर दारांचं सभागृह बांधायची आज्ञा त्याचीच. पांडवांना बोलवायला विदुराला पाठवणाराही तोच. आणि खेळ रंगल्यावर ‘जिंकलं का, जिंकलं का’ असं आनंदाने पुन्हा पुन्हा विचारणाराही तोच. दैवाचं नाव तो घेतो ते फासे पडण्याआधी. शेतकरी पेरून झाल्यावर आभाळाकडे बघतो, हा राजा नांगराला हात लावण्याआधीच बघतो. मला हा फरक फार मोठा वाटतो. कृती हातात असताना उच्चारलेलं दैव ही बहुतेक वेळा पळवाट असते.

युधिष्ठिरही यातून सुटत नाही. दुसऱ्या द्यूताचं बोलावणं आलं तेव्हा त्याला परिणाम कळत होता, तरी सगळं विधात्याच्या हाती म्हणून तो उठला आणि गेला. क्षत्रियाने आव्हान नाकारू नये हा दंडक होता, हे मान्य. पण दंडक पाळणं हीसुद्धा निवडच होती आणि तिची किंमत त्याच्यापेक्षा द्रौपदीने जास्त मोजली होती. म्हणूनच त्याला हे सुनावण्याचा अधिकार तिचा आहे.

धृतराष्ट्राची ही सवय आपण सोडलेली नाही. अपघाताची बातमी छापताना ‘काळाचा घाला’ हा मथळा आपल्या वर्तमानपत्रांच्या हाताशी तयार असतो. लग्नाचं वऱ्हाड घेऊन निघालेला टेम्पो दरीत जातो आणि बातमीत कर्ता असतो काळ. चालक किती तास जागा होता, गाडीत माणसं किती कोंबली होती, त्या वळणावर कठडा का नव्हता, हे आलंच तर शेवटच्या परिच्छेदात. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ असं वाचलेला माणूस म्हणतो, ते मी समजू शकतो. रस्त्याची देखभाल ज्याच्याकडे आहे त्याने मात्र काळाला पुढे करू नये.

नांगरट आणि पाऊस यांच्यामधली सीमा कायमची आखलेली नसते, हे मला द्रौपदीच्या पुढे जाऊन म्हणायचं आहे. महाराष्ट्रात मूल जन्मल्यावर पाचवी पुजतात, कुठे सहावी. पाटा-वरवंटा मांडतात, दिवा तेवत ठेवतात, शेजारी कोरा कागद आणि लेखणी. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं पुढचं सगळं लिहून जाते. त्या रात्री घरातल्या बायका जागतात. यात भाबडेपणा असेल, पण ही रात्र पहिल्या आठवड्यातच का आली, याचा विचार केला की छातीत धस्स होतं. नवजात बाळं सर्वांत जास्त दगावतात ती याच दिवसांत. कितीतरी पिढ्यांच्या बायकांनी या भीतीला देवीचं रूप दिलं, कारण त्यांच्या हाती दुसरं काही नव्हतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने या दिवसांकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करायचं, ते गुंडाळून उबेत ठेवायचं, श्वास मोजायचे, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची आणि वेळेवर अँटिबायोटिक द्यायचं. घरातच, जमिनीवर बसून. ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली त्याचे निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९९७-९८ मध्ये, तुलनेसाठी घेतलेल्या गावांत हजार जन्मांमागे ५९.६ नवजात बाळं दगावत होती आणि या ३९ गावांत २५.५. कालपर्यंत जो लेख सटवाईचा समजला जात होता, त्यातला अर्ध्याहून जास्त भाग माणसाच्या हातात आला. मग जिथे ही सोय अजून पोचलेली नाही, तिथे दगावलेल्या बाळाबद्दल ‘नशीब’ हा शब्द कसा वापरायचा? ज्ञान वाढतं तशी जबाबदारी वाढते. आजोबांना जे माफ होतं ते नातवाला माफ नसतं.

डॉ. आंबेडकरांनी पूर्वजन्माच्या कर्माच्या सिद्धान्तावर नेमकं इथेच बोट ठेवलं. १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ते विचारतात की गोरगरिबांची दैना त्यांच्या मागल्या जन्मीच्या पापाची मानली, तर त्यातून राज्याला आणि समाजाला आपली जबाबदारी झटकता येण्यापलीकडे काय साधतं? या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मी अजून वाचलेलं नाही. विधिलिखित म्हणून ज्यांना गप्प बसवलं गेलं, त्यांच्या नावावर ते लिहिणारे हात माणसांचेच होते.

अलीकडे दैवाच्या जागी मेंदू आणला जातो. बेंजामिन लिबेट यांनी १९८३ साली मांडलेला प्रयोग त्यासाठी पुढे करतात. मनगट हलवायची इच्छा माणसाला हालचालीच्या सुमारे २०० मिलिसेकंद आधी जाणवते, पण मेंदूतली विद्युत हालचाल त्याच्याही बरीच आधी, म्हणजे मनगट हलण्याच्या साधारण ५५० मिलिसेकंद आधी, सुरू झालेली असते. म्हणजे आपण ठरवतच नाही, असा अर्थ अनेकांनी लावला. खुद्द लिबेट तेवढं म्हणत नव्हते, आयत्या वेळी थांबायची मुभा ते माणसाकडे ठेवत होते. पुढे २०१२ साली त्या विद्युत हालचालीचा वेगळा अर्थही संशोधकांनी मांडला. पण प्रयोग जसाच्या तसा मान्य केला तरी माझं काही अडत नाही. मनगट कधी हलवायचं याचा जाब कुणी कुणाला विचारत नाही. जाब विचारतो तो सभागृह बांधणाऱ्याला, आणि ते बांधून होईपर्यंत विचार बदलायला त्याच्याकडे भरपूर वेळ होता.

एका बाजूचं मात्र राहून जातं, आणि ते सांगितलं नाही तर हा सगळा विचार क्रूर होईल. ज्याने सगळं केलं, त्याचं काय? सांत्वनाला गेल्यावर आपल्याकडे म्हणतात, ‘तेवढंच आयुष्य घेऊन आला होता.’ मी तरुणपणी यावर चिडत असे, आता चिडत नाही. महिनोन्‌महिने रुग्णालयाच्या पायऱ्या झिजवून, कर्ज काढून, रात्री जागून ज्यांनी माणूस गमावला, ते नंतर वर्षानुवर्षं स्वतःला विचारत राहतात की दोन दिवस आधी नेलं असतं तर. त्यांना शेजारच्या मावशींनी ‘तेवढंच होतं’ म्हणणं हा न्याय आहे. द्रौपदीचा शेतकरी निर्दोष आहे, हे त्यांना कुणीतरी मोठ्याने सांगायलाच हवं. तेच वाक्य रुग्णवाहिका न पाठवणाऱ्याच्या तोंडी आलं, तर तिथल्या तिथे त्याला गप्प करायला हवं.

गडचिरोलीच्या त्या गावांतही हजारातली २५ बाळं गेलीच. त्यांतल्या एखाद्या घरातून बाहेर पडणाऱ्या आरोग्यदूत बाईने आधी आपली नोंद बघावी: वजन कधी केलं, श्वास कधी मोजले, औषध कोणत्या दिवशी दिलं. सगळं वेळेवर झालेलं दिसलं, तर तिने त्या बाळाच्या आईजवळ जाऊन बसावं आणि म्हणावं, ‘बाई, तुझं काही चुकलं नाही. माझंही नाही.’