अभेदाच्या भूमीत भेदाची पारख

औंढा नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजले होते, ही कथा हिंगोली जिल्ह्यात आजही सांगितली जाते. त्याआधी संत गोरोबाकाकांनी नामदेवांच्या डोक्यावर थापटणं मारून ‘हे मडकं कच्चं’ असा निवाडा दिला होता. दुखावलेले नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याला आले आणि समोरचं दृश्य पाहून चिडले. विसोबा शांतपणे म्हणाले, जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय हलवले, तर तिथेही पिंड उभी.

नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नरसी याच जिल्ह्यातलं. साऱ्या रूपांत एकच तत्त्व पाहणारा अभेदाचा विचार इथल्या भजनात, वारीत, रोजच्या बोलण्यात मुरलेला आहे. मग प्रश्न असा पडतो की सगळं एकच असेल, तर एक गोष्ट दुसरीपासून वेगळी ओळखण्याच्या खटाटोपाला किंमत काय? हा प्रश्न कीर्तनात गोड वाटतो. पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर तो माणसाच्या जिवाशी येतो.

मोठ्या माणसाच्या मूत्रपिंडात घट्ट गाठ दिसली, तर ती बहुतेक वेळा मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नळ्यांच्या अस्तरातून उगवलेला कर्करोग असते. पण काही मोजक्या गाठींचं मूळ वेगळं असतं. चरबी, स्नायू, रक्तवाहिन्या अशा आधार देणाऱ्या ऊतींचं रूप त्या घेतात. त्यांतल्या त्यात नेहमी आढळणारी म्हणजे अँजिओमायोलायपोमा. ती बहुधा निरुपद्रवी असते, आणि सीटी स्कॅनमध्ये तिच्यातली चरबी दिसली की डॉक्टर निःशंक होतात. मात्र काही गाठींत चरबी जवळजवळ नसतेच. मग स्कॅनवर अशी गाठ कर्करोगासारखीच दिसते. तिच्या एका प्रकारात तर पेशीही अशा टपोऱ्या असतात की सूक्ष्मदर्शकाखाली जाणता माणूसही चकावा. वर्षानुवर्षं कर्करोग पाहिलेल्या डोळ्याला पुन्हा कर्करोगच दिसतो. सवयीची ओळख आडवी येते.

अशा वेळी रूपावर विसंबून चालत नाही. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतात, त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप काढतात आणि त्यांवर निरनिराळी प्रतिद्रव्यं सोडतात. त्यांतलं एक एचएमबी-४५. त्याची ख्याती त्वचेतल्या रंगपेशींच्या कर्करोगाची, म्हणजे मेलानोमाची, खूण म्हणून. तीच खूण या मूत्रपिंडाच्या गाठीत तपकिरी ठिपक्यांनी उमटते, आणि नळ्यांच्या कर्करोगात सहसा दिसणारी पॅक्स-८ ही खूण उमटत नाही. पण एवढ्यानेही काम संपत नाही. टपोऱ्या पेशींचा प्रकार कधीकधी शरीरात पसरतो, त्यामुळे अशा रुग्णाला ‘काही नाही, साधी गाठ’ म्हणून घरी पाठवणंही घातक ठरू शकतं.

भेद न केल्याची किंमत तान्ह्या मुलांनी मोजली आहे. जन्मतः किंवा पहिल्या काही महिन्यांत दिसणारी मूत्रपिंडाची एक गाठ पूर्वी विल्म्स ट्यूमरमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या मूत्रपिंडाच्या कर्करोगातच, धरली जाई. 1967 मध्ये रॉबर्ट बोलांडे यांनी ती निराळी असल्याचं मांडलं. यातल्या बहुतेक बाळांना शस्त्रक्रिया पुरेशी असते. जास्तीची औषधं आणि किरणोपचार त्या कोवळ्या जिवांना टाळता येतात. उलट, मुलांच्या मूत्रपिंडाचा क्लिअर सेल सार्कोमाही एकेकाळी विल्म्समध्येच जमा होता. तो हाडांत पसरू शकतो, त्याला अधिक कडक उपचार लागतात. एकाच खात्यावर टाकल्याने एकाला फार मिळालं, दुसऱ्याला कमी.

बोलांडे यांनी वेगळ्या केलेल्या त्या गाठीच्या एका प्रकारात ईटीव्ही-६ आणि एनटीआरके-३ ही दोन जनुकं एकमेकांना जोडली गेलेली असतात, हे 1998 मध्ये कळलं. महिन्याच्या लेकराला असं काही झालं की घरात ‘कुठल्या जन्माचं फेडतंय’ हा प्रश्न हमखास निघतो. त्या आईबापांचं दुःख खरं आहे. पण हे उत्तर त्यांच्यावर आणखी एक आरोप लादतं, आणि शोधाचं दारही लावून घेतं. जनुकांची ती जोडणी कुणाच्या पापाचा हिशेब मांडत नाही.

सगळं एकच असेल तर भेद कशाला, या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर नामदेवांच्याच आख्यायिकेत सापडतं. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. त्याच्यात देव दिसला म्हणून ते हात जोडून उभे राहिले नाहीत. याची भाकरी कोरडी आहे, हे त्यांना दिसलं. समोरच्या जिवाला नेमकं काय हवं, हे पाहायला अभेदानेच त्यांना शिकवलं. निदानातला भेद याच जातीचा. सगळे जीव सारखे मोलाचे असतील, तर हिंगोलीतल्या सेनगावच्या शेतमजुराची गाठही मुंबईतल्या परळच्या रुग्णाच्या गाठीइतक्याच बारकाईने पाहिली गेली पाहिजे.

अंतर मात्र मोठं आहे. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळायला 2024 साल उजाडलं. अवघड निदानासाठी मुंबईचं टाटा रुग्णालय 1941 पासून आहे. 2012 मध्ये कर्करोग रुग्णालयांना जोडणारं राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडही उभं राहिलं. माणसाला इतका लांबचा प्रवास झेपत नसेल, तर त्याच्या गाठीचा मेणाचा ब्लॉक तरी जाऊ शकतो. नीट ठेवला तर तो वर्षानुवर्षं टिकतो, आणि त्यातून पुन्हा काप काढून नव्या चाचण्या करता येतात. पण ब्लॉक आणि स्लाइड मागून घेता येतात हे कितीतरी घरांना ठाऊकच नसतं. कागदाचा रिपोर्ट पिशवीत घालून ती परततात. रिपोर्ट हातात देतानाच हे समजावून सांगितलं पाहिजे, साध्या मराठीत, आणि तेही गाडीची वेळ व्हायच्या आत.