नाताळ बाजाराखालची जमीन

आगमनकाळ जवळ आला की जर्मनीतील लहानमोठ्या शहरांत नाताळचे बाजार भरतात. त्यांतला न्यूरेंबर्ग शहराचा बाजार जगभर नावाजलेला. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी त्याचे उद्घाटन होते आणि २४ डिसेंबरला दुपारी तो उठतो. बाजार जुना आहे. त्याचा उल्लेख असलेली १६२८ सालची एक लाकडी पेटी तिथल्या संग्रहालयात जपून ठेवली आहे.

हा बाजार पाहायला देशोदेशीचे पाहुणे येतात. गाईड त्यांना पायी फिरवतो. लाकडी टपऱ्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे कापड असते. सुकवलेल्या आलुबुखारांपासून केलेल्या गमतीदार बाहुल्या, चकचकीत सोनेरी पत्र्याचे देवदूत, 'लेबकूखेन' नावाची मसालेदार बिस्किटे, एका पावात घातलेली बोटभर लांबीची तीन सॉसेजेस, वाफाळलेली मसाल्याची वाइन, असा सगळा थाट. चौकात एक उंच, नक्षीदार कारंजे आहे. त्याच्या जाळीतली कडी फिरवली की मनातली इच्छा पुरी होते, असे सांगतात. पाहुणे हौसेने कडी फिरवतात, फोटो काढतात.

दुपारचे बारा वाजले की गाईड सर्वांना चौकाच्या पूर्वेला उभे करतो. तिथे धन्य कुमारी मरियेचे जुने चर्च आहे. आज ते कॅथलिक धर्मग्रामाचे चर्च आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर १५०९ सालचे घड्याळ आहे. बाराच्या ठोक्याला सम्राट निवडण्याचा मान असलेले सात मानकरी बाहेर येतात आणि मध्ये बसलेल्या सम्राट चौथ्या चार्ल्सला प्रदक्षिणा घालतात. मुले टाळ्या वाजवतात. याच चर्चच्या सज्जात उभी राहून सोनेरी केसांचा टोप घातलेली एक मुलगी 'क्रिस्टकिंड', म्हणजे ख्रिस्तबाळाच्या रूपातली देवदूत, बनून बाजाराचे उद्घाटन करते.

इथे गाईडपुढे एक प्रश्न उभा राहतो. पुढचे सांगायचे की नाही?

कारण पुढचे असे आहे. आज जिथे बाजार भरतो तिथे १३४९ सालापर्यंत यहुदी लोकांची वस्ती होती. त्या काळी युरोपभर प्लेगची साथ होती आणि यहुद्यांनी विहिरींत विष कालवले अशी अफवा होती. पोप सहावे क्लेमेंट यांनी १३४८ मध्ये फर्माने काढून ती अफवा खोडून काढली. साथीत यहुदीही मरत आहेत, हे दाखवून दिले. ऐकणारे थोडे निघाले. न्यूरेंबर्गच्या पुढाऱ्यांना शहराच्या मध्यभागी मोठा चौक हवा होता. नोव्हेंबर १३४९ मध्ये चौथ्या चार्ल्सने त्यांना लेखी परवानगी दिली: यहुद्यांची घरे पाडा, चौक करा आणि त्यांच्या सभास्थानाच्या जागी मरियेचे चर्च बांधा. तीन आठवड्यांच्या आत, ५ डिसेंबरला, वस्तीवर हल्ला झाला. निदान ५६२ माणसे मारली गेली. घड्याळात मानाने बसलेला सम्राट तो हाच.

जागेची गोष्ट तिथे संपत नाही. मधल्या काळात हा बाजार दुसरीकडे भरत होता. १९३३ मध्ये नाझी राजवटीने तो वाजतगाजत पुन्हा या चौकात आणला. तेव्हा चौकाला हिटलरचे नाव दिलेले होते. सज्जातून उद्घाटन करण्याची प्रथा तेव्हाच सुरू झाली. दोन वर्षांनी, १९३५ मध्ये, यहुद्यांचे नागरिकत्व काढून घेणारे कायदे याच शहरात जाहीर झाले. २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावात जुने शहर जमीनदोस्त झाले. बाजार पुन्हा भरला तो १९४८ मध्ये.

सणाच्या दिवशी हे सांगावे का? न सांगणाऱ्यांची कारणे अगदीच टाकाऊ नाहीत. पाहुणे घटकाभर आनंदासाठी आले आहेत. सोबत लेकरे आहेत. ज्यांनी हे केले ते केव्हाच मातीला मिळाले. आज टपरीवर बिस्किटे विकणाऱ्या बाईचा त्यात काय दोष? आणि जुन्या जखमा उकरून कधी कोणाचे भले झाले आहे?

दोषाबद्दलचे म्हणणे खरे आहे. पापाचा दोष ज्याचा त्याला. पणजोबाच्या पापाची कबुली पणतू देऊ शकत नाही. पण दोष वेगळा आणि जबाबदारी वेगळी. पणजोबाचे घर, शेत आणि नाव आपण घेतो तेव्हा त्याच्या वहीतली फक्त जमेची बाजू घेऊन नावे बाजूचे पान फाडता येत नाही. चौक आमचा, चर्च आमचे, चारशे वर्षांची परंपरा आमची, असे जो अभिमानाने सांगतो त्याने चौक कसा मिळाला हेही सांगितले पाहिजे. नाहीतर तो परंपरा सांगत नाही, जाहिरात करतो.

सणाबद्दलचे म्हणणे मात्र आपल्या ख्रिस्तसभेलाच मान्य नाही असे दिसते. आपली उपासनेची दिनदर्शिका पाहा. २५ डिसेंबरला जन्मोत्सव. दुसऱ्याच दिवशी दगडांनी ठेचून मारल्या गेलेल्या संत स्टीफनचा सण. २८ डिसेंबरला हेरोदाने मारलेल्या निष्पाप बाळांचे स्मरण. गव्हाणीतली फुले सुकलेलीही नसतात आणि वेदीवर रक्तसाक्ष्यांचा लाल रंग येतो. आनंद बिघडेल या भीतीने ख्रिस्तसभेने ही बाळे जानेवारीत ढकलली नाहीत. जो आनंद सत्य ऐकल्याबरोबर मोडतो तो नाताळचा आनंद नव्हेच.

शिवाय एक गोष्ट आपण सहज विसरतो. मरिया यहुदी होती. योसेफ यहुदी होता. ज्या बाळासाठी हा सारा बाजार, तोही यहुदी. म्हणजे एका यहुदी मातेच्या सन्मानार्थ तिच्याच लोकांचे सभास्थान पाडून त्या जागी चर्च उभे राहिले. हे उच्चारताना ख्रिस्ती माणसाची जीभ अडखळली पाहिजे. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्ती लोकांच्या गतकाळातील पापांबद्दल जाहीर क्षमायाचना केली, त्यात यहुदी लोकांवरील अन्यायाचा स्पष्ट उल्लेख होता. ती पापे त्यांनी स्वतः केली नव्हती. पण ते त्या घराण्याचे वडीलधारे होते.

जखम उकरण्याचा आक्षेप उरतो. तो सांगण्याच्या रीतीवर अवलंबून आहे. गाईड फिर्यादी नव्हे. पाहुण्यांची मान खाली घालायला लावण्यासाठी किंवा "आम्ही नाही हो असे!" ही फुशारकी त्यांच्या मनात फुगवण्यासाठी सांगितलेले सत्य कोणाच्याच उपयोगाचे नाही. शांतपणे, मोजक्या शब्दांत, मेलेल्यांचा मान राखून सांगितले तर जखम स्वच्छ होते. झाकलेली जखम आतून चिघळते. २०१९ मध्ये क्रिस्टकिंड म्हणून न्यूरेंबर्गच्याच एका सतरा वर्षांच्या मुलीची निवड झाली. तिचे वडील मूळचे भारतीय. लगेच एका राजकीय पक्षाच्या स्थानिक शाखेने तिच्या वंशावरून हेटाळणी केली. या चौकात उभे राहण्याचा हक्क कोणाचा, हा साडेसहाशे वर्षांपूर्वीचाच प्रश्न पुन्हा डोके वर काढत होता. पण या वेळी शहर तिच्या पाठीशी उभे राहिले, तो मजकूर मागे घ्यावा लागला आणि त्या वर्षी सज्जातून उद्घाटन तिनेच केले. आपल्या चौकाचा इतिहास ज्या शहराला ठाऊक असतो, त्याला असल्या बोलण्याचा वास लवकर येतो.

न्यूरेंबर्ग दूर आहे, पण प्रश्न दूर नाही. येत्या काही दिवसांत आपल्या अंगणात गोठा उभा राहील, तारा लागेल, पाहुणे येतील. ते अंगण आपल्याकडे कसे आले? बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली ती राजीखुशीने की भावांच्या धाकाने? बांध सरकवल्यावर ज्याच्याशी बोलणे तुटले तो शेजारी यंदाही आपल्या दारावरून मुकाट्याने पुढे जाईल का? मुलांना आपण आजोबांच्या कर्तबगारीच्या गोष्टी सांगतो. त्या कर्तबगारीची किंमत कोणी मोजली हेही त्यांना कधी सांगतो का? चौदाव्या शतकातल्या त्या ५६२ जणांना आज कोणी काही परत देऊ शकत नाही. बहीण आणि शेजारी मात्र अजून हयात आहेत.

आगमनकाळ हा वाट सरळ करण्याचा काळ. नाताळला अजून दिवस आहेत; तेवढ्यात एका घरी जाऊन येता येईल.