साक्षी आणि संवेदक

घटना घडली हे ज्ञान कोणत्या साधनाने होते, हा भारतीय दर्शनांचा जुना प्रश्न आहे. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. वैशेषिकांनी मात्र शब्दाला स्वतंत्र स्थान न देता त्याचा अंतर्भाव अनुमानातच केला. वरवर केवळ शास्त्रीय वाटणाऱ्या या मतभेदाला समाजमाध्यमांच्या काळात एक नैतिक आशय प्राप्त झाला आहे.

२०१० साली जपानमधील साकाकी, ओकाझाकी आणि मात्सुओ या संशोधकांनी ट्विटरवरील (२०२३पासून ‘एक्स’) संदेशांवरून भूकंप ओळखण्याची पद्धत मांडली. लिहिणारा प्रत्येक मनुष्य हा एक संवेदक होय, ही तिच्यामागील मूळ कल्पना. ‘भूकंप’ हा शब्द आला म्हणजे भूकंप झालाच असे नव्हे. लिहिणारा भूकंपविषयक परिषदेलाही गेलेला असू शकतो. म्हणून शब्द, त्याचे वाक्यातील स्थान आणि त्याच्या आजूबाजूचे शब्द पाहून संगणक प्रथम संदेशांची निवड करतो. नंतर त्यांची काळातील दाटी आणि उगमस्थाने यांवरून घटनेचा व तिच्या केंद्राचा अंदाज बांधतो. जपानी मापनानुसार ३ किंवा अधिक तीव्रतेच्या भूकंपांपैकी ९६ टक्के भूकंप अशा रीतीने ओळखता आले, असे या संशोधकांनी नोंदवले आहे.

येथे वैशेषिकांचा पक्ष जणू यंत्ररूपाने सिद्ध झाला आहे. ‘घर हलते आहे’ असे लिहिणारा मनुष्य कोणाला तरी काही सांगत असतो. यंत्र त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, अविश्वासही दाखवत नाही. ते त्याची केवळ गणना करते. त्याचे विधान धुरासारखे एक लिंग होते आणि बोलणारा साक्षी न उरता संवेदक होतो. तथापि, यात जीव वाचण्याची शक्यता असेल तर कोणी हरकत घेऊ नये. भूकंप कोणी ओळखला म्हणून तो बदलत नाही, आणि अनुमान चुकले तर भूकंपमापक यंत्रे ती चूक दाखवून देतात.

अशी चूक घडतेही. शोधशब्दांवरून फ्लूच्या साथीचा अंदाज करणारी गूगलची योजना २००८मध्ये सुरू झाली; २०१२-१३च्या हंगामात तिने रोगाचे प्रमाण प्रत्यक्षाहून फार अधिक दाखवले आणि २०१५मध्ये तिचे अंदाज प्रसिद्ध होणे थांबले. आजाराच्या बातम्या वाचून निरोगी माणसेही शोध घेऊ लागली असावीत, हे त्याचे एक कारण मानले जाते. हेतू आहे पण साध्य नाही, यालाच नैयायिक व्यभिचार म्हणतात.

परंतु अनुमानाचा विषय घटना न राहता मनुष्य होतो, तेव्हा प्रश्नाचे स्वरूपच पालटते. २०१३मध्ये कोसिन्स्की, स्टिलवेल आणि ग्रेपेल यांनी ५८,००० हून अधिक स्वयंसेवकांच्या फेसबुकवरील पसंतींवरून त्यांचा राजकीय कल, धर्म आणि लैंगिक कल यांचे अनुमान बऱ्याच अचूकतेने करता येते, असे दाखवले. अग्नीला विचारता येत नाही, म्हणून धुरावरून त्याचे अनुमान करावे लागते. मनुष्याला विचारता येते. न विचारता त्याला जाणणे म्हणजे त्याचे उत्तर अनावश्यक ठरवणे होय.

यावर एक बलवान आक्षेप संभवतो. मनुष्य स्वतःला पुरता ओळखत नाही. साहित्याचा समीक्षकही लेखकाला अभिप्रेत नसलेला अर्थ त्याच्या शब्दांतून काढतोच. मग यंत्राने तेच केले तर बिघडले कोठे? भेद निष्कर्षात नसून त्याच्या प्रकटतेत आहे. समीक्षकाचे वाचन लेखकासमोर आणि वाचकांसमोर मांडलेले असते. त्याचे खंडन होऊ शकते. यंत्राने केलेले मनुष्याचे वाचन बहुधा त्या मनुष्यापासूनच गुप्त राहते आणि तरीही त्यावर व्यवहार होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. पण जे सांगितलेच नाही, केवळ अनुमानिले गेले, त्याला संमती कशी द्यावी, हा पेच त्याने संपत नाही.

शिवाय भूकंपाप्रमाणे रुची स्थिर राहत नाही. जे आवडते असे मानले, तेच पुनःपुन्हा समोर ठेवले की आवड त्या दिशेने वाढते आणि अनुमान आपली व्याप्ती स्वतःच घडवते. साहित्यविचारात ज्याला अभिरुची म्हणतात, ती अपरिचिताच्या भेटीतून संस्कारित होते. आधी न आवडलेली कृती पुढे आवडू लागणे हा तिच्या वाढीचा पुरावा असतो. ही शक्यताच यंत्राच्या हिशेबातून वगळली जाण्याचा धोका आहे.

म्हणून अनुमानाचा त्याग करण्याचे कारण नाही; त्याची मर्यादा ठरवण्याचे मात्र आहे. ‘घर हलते आहे’ या विधानावरून भूकंप शोधावा, आणि मग ते विधान करणाऱ्याकडे मदत पोहोचावी. भीतीच्या त्या क्षणावरून त्याच्या स्वभावाचा नकाशा काढायचा असेल, तर तो आधी त्याच्यापुढे ठेवला जावा आणि ‘हा मी नव्हे’ असे म्हणण्याचा त्याचा अधिकार मान्य व्हावा. साक्षीला साक्षी मानणे याचा अर्थ एवढाच आहे.